२०१२ ची डिझायर डिझेल : घाटासाठी ठेवावी की काढावी?

घाटवाटेवरची

नमस्कार. गाडी आणि रस्ता दोन्हींची माहिती देते, म्हणजे नेमका सल्ला मिळेल.

गाडी जून २०१२ ची स्विफ्ट डिझायर व्हीडीआय. आम्हीच नवी घेतलेली, दुसरा हात लागलेला नाही. पावणेदोन लाख किलोमीटर होऊन गेलेत. मी चिपळूणला राहते, आईबाबा कराडला. आईच्या तपासण्या, सणवार, बाबांची बँकेची कामं, काहीही असलं तरी कुंभार्ली घाट चढायचा आणि उतरायचा. महिन्याला आठशेच्या आसपास किलोमीटर होतात, तेही बहुतेक याच रस्त्यावर. गावात मी स्कूटर वापरते.

या गाडीने मला घाटात कधी उभं केलेलं नाही. पोफळी सोडली की चढ लागतो. पावसाळ्यात धुकं असं असतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसतो. तो ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगतोय, आपण मागे दुसऱ्यात, एसी चालू कारण काचेवर वाफ धरते, मागच्या सीटवर आईबाबा, डिकीत तांदळाचं पोतं. तरी गाडी कुरकुर न करता चढते. दोन हजार आरपीएमच्या वर ठेवली की टर्बोची ओढ हाताला कळते, खाली गेली की घुटमळते. म्हणून वळणाआधीच गिअर टाकायचा, ही आता सवय झालीय. अशा चढावर नवऱ्याच्या मित्राची नवी सीएनजी चालवून पाहिली. सपाटीला छान होती, पण चढावर सारखा पाय दाबायला लागला.

गेल्या वर्षभरात क्लच, पुढचे बुश, लिंक रॉड आणि बॅटरी मिळून तीसेक हजार गेले. नवरा म्हणतो, आता दरवर्षी असंच चालणार, आत्ताच काढू. शोरूमवाल्याने एक्स्चेंजमध्ये नव्वद हजार सांगितले. बाहेरून एक गिऱ्हाईक एक चाळीसला तयार होतं, पण चिपळूणची गाडी म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न, ‘पाण्यात होती का?’ २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी कराडला बाबांच्या दारात होती. सर्व्हिसची बिलं दाखवली तरी माणूस विश्वास ठेवत नाही. त्याचंही चूक म्हणवत नाही, इथल्या किती गाड्या गेल्या ते आम्ही पाहिलंय.

जून २०२७ मध्ये पंधरा वर्षं पुरी होतील. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, म्हणजे हीच गाडी नवी घ्यायची सोय नाही. शिवाय आमच्या व्हीडीआयला एअरबॅग नाहीत, ते माझ्या मनात सारखं टोचतं. तुम्ही काय केलं असतं?

पनवेल_परतीचा

ताई, मिळतील ते पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करणार आहेत, आमच्या ग्रुपवर रोज येतंय. उद्या एक चाळीस पण मिळणार नाहीत.

गुडगावकर_मराठी

ही दहा वर्षांची अट दिल्ली आणि आसपासच्या भागाची, म्हणजे एनसीआरची. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने लावली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली, २०२५ मध्ये थोडी सैल केली. मी ती भोगलीय. माझी डिझेल गाडी इथे कागदावर म्हातारी झाली तेव्हा एनओसी काढून नागपूरला भावाकडे पाठवली, तो आजही चालवतो. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. घाबरून विकू नका, घाईत भाव पडतो.

जुना_फिटर

ताई, माझं आयुष्य कराडात गॅरेजमध्ये गेलं. तुमच्या गाडीत जे इंजिन आहे ते मूळ फियाटचं, १२४८ सीसीचं मल्टिजेट. स्विफ्टला तेच, रिट्झला तेच, इंडिका व्हिस्टाला आणि पुंटोलाही तेच. त्यामुळे सामान तालुक्याच्या दुकानातही मिळतं आणि हात बसलेला मेकॅनिकही मिळतो. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं असेल तर पावणेदोन लाख या इंजिनाला जास्त नाहीत. आणि या मॉडेलला डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी, जाळी नाही, हा जुन्या गाडीचा मोठा फायदा. नव्या प्रदूषण नियमाच्या, म्हणजे बीएस ६, डिझेलला ती असते. गाडी नुसती गावात फिरली की जाळी काजळीने भरते आणि मोकळी करायला हायवेला लांब पळवावी लागते.

पण इंजिन चांगलं आहे हे ऐकून ठरवू नका, बघून ठरवा. सकाळी थंड गाडी सुरू करा. पहिल्या दोन-चार सेकंदांत पुढून साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का? येत असेल तर चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर बघायला हवा. मग गाडी गरम झाल्यावर आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण फिरवून सैल करा आणि तसंच वर ठेवा. जागेवर थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, धूर फेकत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात असं समजा. मग खर्च करत बसू नका.

तिसरी तपासणी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची, ती गॅरेजमध्येच होते. इंजेक्टरच्या रिटर्नच्या, म्हणजे जास्तीचं डिझेल परत नेणाऱ्या, नळ्या काढून चार सारख्या छोट्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. चारही बाटल्यांत डिझेल साधारण एका रेषेत आलं पाहिजे. एखादी बाटली भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. लोक थेट चारही बदलतात आणि बिलाला घाबरून गाडी विकतात. ही चाचणी केली की कळतं, काम एकाचंच आहे.

आता खरी गोष्ट. तुम्ही कोकणात राहता. तिथली गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. लिफ्टवर चढवा आणि जॅक लावायची जागा, दाराखालचा पट्टा, पुढचा सबफ्रेम (इंजिनाखालची लोखंडी चौकट) आणि मागचा अ‍ॅक्सल बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, टण्ण वाजलं पाहिजे. भद्द वाजलं किंवा पापुद्रे पडले तर तिथे पत्रा खाल्लाय. दाराच्या पट्ट्याला वेल्डिंग चालतं, सबफ्रेमला चालवून घेऊ नका. घाटात ब्रेक मारताना सगळा भार तिथेच येतो.

हिशेबनीस_सातारा

महिन्याला आठशे किलोमीटर धरून पैशाचं बघू. घाटात तुमची डिझायर १९ देत असेल तर ४२ लिटर, नव्वदच्या भावाने ३,८०० च्या आसपास. नवी पेट्रोल घाटात १६ देईल, १०४ च्या भावाने ५,२००. सीएनजी किलोला २५ गेली तर तीन हजाराच्या आत. म्हणजे सीएनजीमुळे वर्षाला दहा-अकरा हजार वाचणार आणि त्यासाठी आठ-नऊ लाख अडकणार. इंधन वाचवायला नवी गाडी घेणं हा मुद्दा तुमच्या बाबतीत बादच करा. दुरुस्तीचे तीस हजार म्हणजे महिना अडीच हजार, नव्या गाडीचा हप्ता त्याच्या पाच-सहा पट.

पुनर्नोंदणीचंही सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून कारची फी ६०० वरून ५,००० झाली. वर पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा, उशीर झाला की महिन्यावारी दंड. नवी नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, लावली नसेल तर ती आधी लावून घ्या.

घ्यायचीच असेल तर एक जमेची बाजू : २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवरचा कर ३१ टक्क्यांवरून १८ वर आला. नेक्सॉन, सोनेट, अल्ट्रोझ डिझेलमध्ये मिळतात. घाटासाठी बघायच्या तर त्या बघा.

प्राची_रत्नागिरी

सगळे इंजिनावर बोलतायत. ताईंनी शेवटी लिहिलेलं वाक्य कुणी वाचलंच नाही. एअरबॅग नाहीत.

मी हॉस्पिटलमध्ये काम करते, अपघाताचे पेशंट बघते. सत्तरीतल्या माणसाच्या बरगड्या आणि तुमच्या-माझ्या बरगड्या एक नसतात. २०२४ च्या नव्या डिझायरला सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला आहेत आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळालेत. गाडीने दगा दिला नाही हे खरं, पण घाटात समोरून येणारा काय करेल ते तुमच्या गाडीच्या हातात नाही. हिशेबनीसदादांच्या आकड्यांत ही रक्कम कुठेच धरलेली नाही. आणि ताई, गाडी बदलेपर्यंत मागे बसलेल्या आईबाबांना पट्टा लावायला लावा. आपल्याकडे मागे कुणीच लावत नाही.

घाटवाटेवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. फिटरकाका, तुम्ही सांगितलं तसं रविवारी कराडला करून आले.

चेनचा आवाज नाही. झाकण जागेवर राहिलं, नुसतं थरथरत होतं. बाटल्यांची चाचणी माझ्यासमोर केली. तीन बाटल्या बोटभर आणि चौथी जवळजवळ दुप्पट. एक इंजेक्टर दुरुस्तीला दिलाय. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका गॅरेजने चारही बदलायला सांगितले होते, तो खर्च टळला.

पण लिफ्टवर चढवल्यावर पोटात गोळा आला. ड्रायव्हरच्या बाजूची जॅकची जागा बोटाने दाबली तर पापुद्रा हातात आला. सबफ्रेमला डाव्या हाताला गंज धरलाय, आरपार गेलेला नाही, पण सुरुवात झालीय. मेकॅनिक म्हणाला, घासून रंग मारला की एक-दोन पावसाळे निघतील, पाच वर्षांची खात्री मी देणार नाही. पुनर्नोंदणी पाच वर्षांची आणि पत्रा दोन वर्षांचा, मग ती करून काय करायचं?

प्राची, तुझं बरोबर आहे. बाबांना मागे पट्टा लावायचा आग्रह मी आजवर धरला नव्हता, रविवारी परत येताना धरला. आई नाराज होती, तरी लावला.

तर आमचं असं ठरलंय. इंजेक्टर, जॅकच्या जागेचं वेल्डिंग, सबफ्रेमला रंग आणि चार टायर एवढाच खर्च करायचा. क्लच नवा आहेच. नोंदणी संपेपर्यंत गाडी ठेवायची, पुनर्नोंदणी करायची नाही. तोवर हप्त्याएवढे पैसे दरमहा बाजूला टाकायचे, म्हणजे कर्ज कमी काढावं लागेल. नवरा सीएनजीवर अडून होता, त्याला परवा भरल्या गाडीने घाटातून आणलं, आता डिझेल बघू म्हणतोय. तोवर आईबाबांना रात्री घाटातून आणायचं नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय.

आता एकच विचारायचंय. नेक्सॉन किंवा सोनेट डिझेल कोणी कुंभार्ली, वरंध किंवा आंबोलीत नेहमी चालवतं का? डीपीएफचा त्रास होतो का, आणि मागच्या सीटवर वयस्कर माणसाला चढायला-उतरायला कितपत जमतं? बाबांचा एक गुडघा बदललेला आहे.

जुना_फिटर

जॅकच्या जागेला वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायला सांगा, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जाईल. आणि आतल्या पोकळीत मेण फवारायला विसरू नका, नुसता बाहेरून रंग मारला तर आतून परत गंज धरेल. सोनेटचं बाबांना शोरूममध्ये नेऊन बसवूनच बघा, गुडघ्याचं दुसऱ्याला सांगून कळत नाही.