ऊसतोडीला आलेल्यांची पोरं शाळेत घालायची आहेत, दाखला नाही म्हणून अडलंय, काय करता येईल?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात वारणेकाठी आमचं गाव, आमच्या रानाच्या कडेला दरवर्षी बीडकडची एक टोळी उतरते. दिवाळी झाली की येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की जातात, म्हणजे मार्च एप्रिलपर्यंत. यंदा पोरं जास्त आहेत, अगदी रांगतं बाळ धरून बारा-तेरा वर्षांपर्यंतची. आईबाप पहाटे चारच्या आधी फडात जातात, मोठ्या पोरी कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहून धाकट्यांना सांभाळतात, पाणी आणतात, भाकरी करतात. आणि शाळा म्हणाल तर तिथनं दिसते हो, प्रार्थना ऐकू येते एवढ्या अंतरावर आहे.

मी मुख्याध्यापकांना भेटलो. माणूस चांगला आहे, पण म्हणाले की दाखला आणा, आधार आणा, यांचं नाव त्यांच्या गावच्या शाळेत सरकारी पोर्टलवर आहे मग इथं कसं चढवू, आणि चार महिन्यांनी निघून गेली की माझ्या पटाचं काय. मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, म्हणतो तुम्ही कशाला त्या भानगडीत पडताय. आईबापांना विचारलं तर एक बाई म्हणाली, दादा शाळेत धाडू पण ह्या धाकल्याला कोण बघंल? यावर मला काही बोलता आलं नाही.

मला भांडण नकोय, गावातच राहायचंय. पण कायदा नक्की काय सांगतो, दुपारचं जेवण तरी मिळेल का, आणि सहा वर्षांच्या आतल्यांचं काय करायचं हे कुणी अनुभवातनं सांगेल का?

खडू_आणि_फळा

वारणाकाठ दादा, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तुमच्याकडं जी लेकरं येतात ती आमच्याच वर्गातनं उठून गेलेली असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की अर्धे बाक रिकामे दिसतात, दरवर्षी बघतो तरी सवय होत नाही.

आता मुद्द्याचं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यातलं कलम 5 मुख्याध्यापकांना दाखवा. पोराला कुठल्याही कारणानं शाळा बदलावी लागली, राज्यात किंवा राज्याबाहेर, तर तो त्याचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही की नाकारता येत नाही. कलम 14 म्हणतं जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. कलम 15 म्हणतं वर्षाच्या मधे आलं तरी घ्यायचं. आणि सगळ्यात कामाचं कलम 9, त्यात स्थानिक प्राधिकरणाची म्हणजे इथं जिल्हा परिषदेची जी कर्तव्यं दिलीत त्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणं हे स्वतंत्र लिहिलंय. म्हणजे मुख्याध्यापक उपकार करत नाहीयेत आणि तुम्ही पण भीक मागत नाही आहात. आधारचं म्हणाल तर 2018 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की आधार नाही म्हणून शाळाप्रवेश अडवता येत नाही.

पोर्टलची अडचण मात्र खरी आहे, त्यांना दोष देऊ नका. त्यावर उपाय असा की स्थलांतर करणाऱ्या लेकरांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, त्यात वर्ग, शाळा, शिकलेलं किती ते लिहिलेलं असतं. ते दाखवलं की तुमच्याकडच्या शाळेनं बसवून घ्यायचं, दाखला काढायची गरज पडत नाही, नाव गावाकडंच राहतं. आईबापांना विचारा, बऱ्याचदा पत्र्याच्या पेटीत तळाला असतं नाहीतर घाईत न घेताच निघालेले असतात. नसेल तर लेकराला शाळेचं नाव विचारा आणि तिथल्या गुरुजींना फोन लावा, व्हॉट्सअपवर फोटो मिळून जाईल. मास्तराला मास्तराचा फोन गेला की निम्मं काम होतं.

पाचवी आणि आठवीतली लेकरं असतील तर जरा जास्त लक्ष द्या कारण आपल्या राज्यात आता या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, फेरपरीक्षेतही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं, आणि यांची परीक्षा नेमकी पट्टा पडायच्या सुमारास येते.

रोखठोक_कराड

मला पटत नाही. चार महिने नवीन शाळेत बसवून काय शिकणार ती पोरं? रुळेपर्यंत जायची वेळ येते. आणि सरकारनं हंगामी वसतिगृहं काढलीत ना गावाकडं, तिथं ठेवावं की. आईबाप उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतात, मुलांना बरोबर आणायचं तेच ठरवतात, मग गावकऱ्यांनी आणि शाळेनं धावपळ का करायची? पोरांची पहिली जबाबदारी आईबापांचीच असते असं मला वाटतं. राग मानू नका, प्रश्न म्हणून विचारतोय.

कोयत्याचा_लेक

रोखठोक साहेब, प्रश्न विचारलात म्हणून उत्तर देतो, मी कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोड कामगाराच्या, घरातलाच आहे, आज पुण्यात नोकरी करतो.

आईबाप ठरवतात म्हणता, पण ठरवायला हातात काय असतं ते बघा. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, इकडं पाथर्डी, या पट्ट्यात पाण्यावाचून रान पडून राहतं. पावसाळ्यात मुकादम उचल देतो, ती दवाखान्यात, लग्नात, जुनं देणं फेडण्यात दिवाळीच्या आधीच संपते, आणि मग ती फिटेपर्यंत नवराबायको दोघांना मिळून एक कोयता म्हणून जावंच लागतं. मोळी बांधणं, गाडी भरणं, एकट्यानं होत नाही. लेकरू कुणाजवळ ठेवायचं? आजीआजोबा असतील, धडधाकट असतील तर ठेवतात. नसतील तर? हंगामी वसतिगृह चांगलं आहे, माझ्या धाकट्या भावानं त्यातच जेवून शाळा केली, पण ते म्हणजे बहुतेक ठिकाणी सकाळ संध्याकाळ गावात जेवणाची सोय, रात्री झोपायला कुणाचं तरी घर लागतंच. आणि मंजुरी यायला उशीर झाला की टोळ्या तोवर निघून गेलेल्या असतात. आता तालुक्याला संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहं मंजूर झालीत, जिथं सुरू झालीत तिथं मोठ्या लेकरांना आधार आहे, पण पहिली-दुसरीतलं लेकरू कोण सोडतं हो तालुक्याच्या गावाला?

पोरींचं तर अजून वेगळं. गावात एकटी ठेवायची भीती, कोपीला दार नाही म्हणून तिथंही भीती. मग तेरा-चौदाची झाली की लग्न उरकून टाकायचं, म्हणजे जबाबदारी गेली आणि तिकडं एक नवा कोयता तयार झाला. कायदा 18 म्हणतो हे आमच्या बापाला पण माहिती होतं. माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा हुशार होती, पाढे तिनं मला शिकवले, पण धाकट्याला कडेवर घ्यायला ती होती म्हणून मी शाळेत बसलो. तिला परत कधी वर्ग मिळाला नाही.

चार महिन्यात काय शिकणार असं विचारलंत. पुस्तक तर तेच असतं, बालभारतीचं, बीडला आणि सांगलीला वेगळं नाही. चार महिने पाटीला हात लागला नाही तर जे येत होतं तेही जातं, मग परत गेल्यावर वर्गात मागे बसायचं, मास्तर विचारतील म्हणून खाली बघायचं, आणि एखाद वर्षी मग पोरगं स्वतःच म्हणतं की मी पण फडावर येतो. शाळा अशी सुटते. कुणी एका दिवसात काढत नाही.

कर्नाटकात, बागलकोटकडं जाणाऱ्यांना तर शाळा कानडी, तिथं काय बोलणार. वारणेकाठी तेवढं तरी सोपं आहे.

अंगणवाडीवाली_ताई

दादा, त्या बाईनं जे विचारलं ना की धाकल्याला कोण बघंल, तोच खरा प्रश्न आहे आणि शिक्षण हक्क कायद्यात त्याचं उत्तर नाही, कारण तो कायदा 6 ते 14 पुरता आहे. धाकटं बसलं नाही तर थोरली शाळेत जाणार नाही, कितीही कलमं दाखवा. म्हणून मी म्हणते सुरुवात शाळेपासून नको, अंगणवाडीपासून करा.

तुमच्या गावातल्या सेविकेला सांगा की टोळी आली आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून आहार मिळायला हवा, त्यात हे मूल कुठल्या गावचं असं लिहिलेलं नाही. तीनच्या आतल्यांना घरी न्यायचा आहार, तीन ते सहाला तिथं शिजवलेलं गरम. गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्यांना पण आहे, टोळीत हमखास असतात. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदीच्या अॅपवर, स्थलांतरित म्हणून नाव घेता येतं, सेविकेला जमलं नाही तर सुपरवायझर करून देते. वजन, दंडाचा घेर लगेच मोजायला सांगा. फडाच्या बांधावर झोळीत वाढणाऱ्या बाळांचं वजन हंगामात फार झपाट्यानं उतरतं, मी डोळ्यांनी बघितलंय.

लसी पण बघा. आशाताईंना त्यांची माता-बाल कार्डं तपासायला सांगा, राहिलेला डोस इथल्या उपकेंद्रात फुकट मिळतो. आणि कोपीवर बाळंतपण झालं असेल तर जन्माची नोंद तुमच्याच ग्रामपंचायतीत व्हायला पाहिजे, 21 दिवसांच्या आत, म्हणजे जिथं जन्म झाला तिथं. हे टोळीला माहिती नसतं, त्यांना वाटतं गावाकडं गेल्यावर करू, मग राहून जातं आणि पुढं प्रत्येक कागदाला ते पोर अडतं.

मला एका गोष्टीचा फार राग येतो. 1948 च्या कारखाने कायद्यात तीसच्या वर बायका कामाला असतील तर पाळणाघर द्यायला सांगितलं होतं. पण या बाया कारखान्याच्या धरत नाहीत, त्या मुकादमाच्या. ऊस कारखान्याचा, गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर रिकामी होणार, आणि बाळ मात्र कुणाचंच नाही. अंगणवाडी पण दुपारपर्यंतच असते, बाया परत येईपर्यंत दिवस मावळतो. मधल्या तासांसाठी टोळीतलीच एखादी म्हातारी असेल तर तिला हाताशी धरा, गावातून थोडं मानधन जमवा, एक सावलीची जागा आणि प्यायचं पाणी एवढ्यावर सुरू होतं.

खडू_आणि_फळा

ताईंचं शंभर टक्के बरोबर, आणि जेवणाबद्दल राहिलंच सांगायचं. शाळेत बसलेल्या प्रत्येक लेकराला पोषण आहार मिळायलाच पाहिजे, पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 आणि 20 ग्रॅम, असं ठरलेलं माप आहे. मुख्याध्यापक म्हणतील तांदूळ पटावर येतो. तर हजेरी लावून केंद्रप्रमुखांमार्फत, म्हणजे आसपासच्या शाळांवरच्या अधिकाऱ्यांमार्फत, वाढीव मागणी पाठवायला सांगा, तोवर थोडं पुढंमागं होईल पण लेकराला बाजूला बसवून बाकीच्यांना वाढणं हे कुठल्याही परिस्थितीत होऊ देऊ नका. तसं एकदा झालं की ते लेकरू दुसऱ्या दिवशी येत नाही.

वारणाकाठ

मंडळी, उशिरानं लिहितोय, सुगी चालू होती. सगळ्यांचे आभार, कोयत्याचा लेक यांचे विशेष.

ताईंनी सांगितलं तसं अंगणवाडीपासून सुरू केलं. सेविकाबाई स्वतः कोप्यांवर आल्या, वजनं झाली, दोन बाळं बरीच खाली निघाली त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. एका घराची शिक्षण हमी कार्डं खरंच पेटीत सापडली, बाकीच्यांसाठी त्यांच्या गावच्या गुरुजींना फोन लावला. कलम 9 चा कागद मी मुख्याध्यापकांसमोर ठेवला नाही, केंद्रप्रमुखांना घेऊन गेलो आणि त्यांनीच सांगितलं, म्हणजे कुणाचा मान दुखावला नाही. आता पोरं बसतात. ज्या पोरीच्या कडेवर कायम धाकटा असायचा ती पण पाचवीत बसते, दुपारी अंगणवाडी सुटली की त्याला घ्यायला जाते आणि परत वर्गात येते, धाकट्यासकट. बाईंनी चालवून घेतलंय.

आता नवी अडचण. आमच्या शिवारातला ऊस संपत आला, टोळी पुढच्या गटात हलणार, आठ-दहा किलोमीटरवर. तिथं माझी ओळख नाही. परत पहिल्यापासून?

रोखठोक_कराड

कोणतं गाव? मला मेसेजमध्ये कळवा. नदीच्या त्या बाजूला माझे बरेच पाहुणे आहेत, एक जण शाळा व्यवस्थापन समितीवर पण आहे. वरचं सगळं वाचलं, बहिणीचं वाचून काही सुचेना. टोळी हलायच्या आधी बोलून ठेवतो.

खडू_आणि_फळा

पहिल्यापासून नाही दादा. निघताना तुमच्या शाळेकडनं प्रत्येक लेकराच्या हजेरीचा आणि काय शिकलं त्याचा सही-शिक्क्याचा कागद घ्या, हमी कार्डाला जोडून टाका. एक फोटो मला पण पाठवा, आमच्या तालुक्यातली असतील तर एप्रिलमध्ये आल्यावर कुठल्या शाळेत जातात ते मी बघतो. आणि अंगणवाडीवाल्या बाईंना म्हणावं ट्रॅकरवरनं नाव पुढच्या गावाला त्याच दिवशी पाठवा, त्या दोन बाळांचं तर आधी.