मदत हवी आहे: जुन्या सॅन स्टॉर्मला कोणतं इंजिन ऑइल?

मंडळी, साताऱ्यात माझ्याकडे जुनी सॅन स्टॉर्म आहे. फायबर बॉडीची टू-सीटर कार, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी. (लोक अजून विचारतात, "घरी बनवली का?") मॅन्युअल कधीच हरवलंय.

सध्या १५डब्ल्यू-४० मिनरल (साधं) ऑइल आहे. गार असताना सगळं ठीक. पण यवतेश्वरचा घाट चढून वर थांबलं, की आयडलिंगला (इंजिन नुसतं चालू असताना) ऑइल प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा मिणमिणतो. जरा रेस दिली की विझतो. घाट गिअरमध्ये उतरून खाली ॲक्सिलरेटर दाबला की निळसर धुराचा एक भपका. हे बहुधा व्हॉल्व्ह सील (ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणारी रबरी सील) गेल्यामुळे. गाडीचा दोष नाही, वय झालंय.

गॅरेजवाले म्हणतात, २०डब्ल्यू-५० टाका, दिवा लागणार नाही. पण तो ५० म्हणजे गरम ऑइलचा दाटपणा. दिवा विझेल हो, बेअरिंग झिजली असतील तर ती थोडीच भरून येणार! शिवाय डब्ल्यूच्या आधीचा २० म्हणजे गार असतानाचा दाटपणा; थंडीत सकाळी दाट ऑइल वर चढायला वेळ लागणार. माझा कल १०डब्ल्यू-४० सेमी-सिंथेटिककडे (मिनरल आणि सिंथेटिकचं मिश्रण) आहे. जुन्या सीलमधून ते गळेल का?

आणि आधी मेकॅनिकल गेज लावून प्रेशर बघायचंय. सातारा-कराडकडे कोण करून देतं?