वैयक्तिक वेबसाइटवरचं लिखाण वाचनीय कसं करावं?

शाईचे_डाग

मंडळी, सल्ला हवाय. जुनी शाईपेनं दुरुस्त करायचा नाद आहे मला. ओळखीतले लोक पेनं आणून देतात, तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एक साइट काढावी. डोमेन घेतलं, थीम लावली, 'माझ्याविषयी' लिहून झालं. आता खरा मजकूर लिहायला बसलो की जे उतरतं ते वाचून मलाच जांभया येतात.

एकीकडे वाचतो की लेख दोन हजार शब्दांचा हवाच, कीवर्ड अमुक वेळा यायला हवा, आठवड्याला दोन लेख पडले पाहिजेत. दुसरीकडे वाचतो की एआयकडून लिहून घ्या आणि मोकळे व्हा. पहिल्या लेखाची सुरुवात देतोय, बिनधास्त फाडा:

«शाईपेन हे लेखनाचे एक अभिजात साधन आहे. आजच्या धावपळीच्या डिजिटल युगातही शाईपेनाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. मात्र त्याची योग्य निगा राखणे अत्यंत आवश्यक असते. या लेखात आपण शाईपेनाची निगा कशी राखावी याविषयी सविस्तर माहिती जाणून घेणार आहोत.»

व्याकरण तर ठीक दिसतंय. मग बिनसतंय कुठं?

उंटावरून

'जाणून घेणार आहोत' दिसलं की मी टॅब बंद करतो. बाकी जाणकार सांगतीलच.

खाडाखोड

फाडा म्हणालात म्हणून फाडतो. चार वाक्यांत तुम्ही कुठेच नाही. जन्मात शाईपेन न धरलेला माणूसही हे लिहू शकतो, आणि लिहितोच. एआयला सांगितलंत तर तेही हेच देईल, फक्त लवकर.

तुमच्याकडे जे आहे ते म्हणजे टेबलावर आलेली पेनं आणि ती आणणाऱ्यांच्या तक्रारी. 'दोन दिवस ठेवलं की उठतच नाही' असं कुणीतरी म्हणालंच असेल की! तिथून सुरुवात करा. मी असं लिहीन (पेनांतलं तुम्हाला जास्त कळतं, चुकलं तर दुरुस्त करा):

«पेन दोन दिवस पडून राहिलं आणि पहिली रेघ कोरडी उमटली, तर आधी टोपण बघा. त्याला चीर असेल किंवा ते घट्ट बसत नसेल तर निबवरची शाई वाळते. टोपण ठीक असेल तर निब आणि तिच्याखालची जीभ साध्या पाण्यात धुवा, स्वच्छ पाणी निघेपर्यंत. गरम पाणी नको, जुन्या एबोनाइटचा (कडक रबराचा) रंग उडतो. स्पिरिट तर मुळीच नको, काही प्लास्टिकं त्यानं तडकतात.»

बघा, वाचणारा अजून पहिल्याच परिच्छेदात आहे आणि उठून टोपण तपासायला गेलाय. मथळाही 'शाईपेनाची निगा' ठेवू नका. लोक ज्या शब्दांत विचारतात तोच ठेवा: 'शाईपेन पहिल्या ओळीला कोरडं का चालतं?'

शब्दसंख्येचं म्हणाल तर गूगलनं स्वतःच सांगून टाकलंय की त्यांना अमुक इतके शब्द लागतात असं काही नाही. कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली, वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी) शोधक्रमासाठी आपण बघतच नाही, हेही त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं. उलट डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या मूल्यमापकांच्या (शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांच्या) मार्गदर्शिकेत 'अनुभव' हा निकष नव्याने आला: लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली आहे का, वापरली आहे का. तुमचं तर आयुष्य त्यात चाललंय, आणि लेखात त्याचा मागमूस नाही!

फोटोही तुमचेच हवेत. लाकडी टेबलावर वही, बाजूला कॉफीचा कप, असला विकतचा फोटो कुणाच्या कामाचा? वाळलेल्या शाईनं बुजलेली जीभ जवळून टिपा. धुण्याआधीची एक, नंतरची एक. बास.

आठवड्याला दोन लेखांचं वेळापत्रक कुणी घातलंय तुम्हाला? सांगण्यासारखं असेल तेव्हा लिहा.

भटकी_नोंद

खाडाखोड यांच्याशी निम्मी सहमत. प्रत्येक पान म्हणजे दुरुस्तीची चिठ्ठी झाली तर ती वैयक्तिक साइट कसली? मी लोकांच्या साइट वाचते ते त्यांच्या तऱ्हेवाईकपणासाठी. एकाच काळ्या शाईच्या बाटल्यांमध्ये कुणाला निळसर झाक दिसते, कुणाला तपकिरी, यावर कुणी पानभर भांडलेलं असेल तर मी ते आधी वाचेन. असल्या लिखाणाला गूगलवरून कुणी येणार नाही, पण आलेला माणूस तिथंच रेंगाळेल.

खाडाखोड

मान्य. फक्त 'शाईच्या छटांचे विश्व' म्हणून लिहू नका. कुठली बाटली, कुठला कागद, वाळायच्या आधी कशी दिसली आणि नंतर कशी, हे येऊ द्या. मग खुशाल रेंगाळा.

पान_४०४

मजकुरावर बोलणारे आहेतच, मी जरा कोडमध्ये डोकावतो.

पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवा. पुष्कळ थीममध्ये ती इंग्रजीच राहते आणि स्क्रीन रीडर (पान मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) भलतंच काहीतरी उच्चारतो. काही फाँट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात तेही या नोंदीवरूनच. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवलात तर कॉपी करताना त्याची टक्क्याच्या चिन्हांची (%) खिचडी होते. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट % आणि दोन अक्षरं असा लिहितात, त्यामुळे एका 'क'ची नऊ चिन्हं होतात, काना-मात्रा वेगळ्या. छोटा रोमन पत्ता द्या आणि तो पुन्हा बदलू नका. हा आग्रह खुद्द वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये धरला होता. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जाईल.

आणि ते जवळून काढलेले फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवू नका. आकार कमी करा, वेबपी (फोटोचा हलका फाइल-प्रकार) करा.

शाईचे_डाग

सगळ्यांचे आभार. भाषेची नोंद बघितली, इंग्रजीच होती! खाडाखोड, तुमच्या परिच्छेदात बदलण्यासारखं काही नाही, पण धुऊनही पेन उठत नसेल तर काय, हे राहिलं. ते लिहून बघितलं:

«धुतल्यावरही पहिली रेघ सुटत असेल आणि जरा दाबलं की शाई येत असेल, तर भिंगातून निबचं टोक बघा. निबच्या मधल्या चिरेच्या दोन्ही बाजू आतून जास्त गोल झालेल्या असतील तर शाई चिरेत असते, पण कागदाला टेकत नाही. टोक बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हाताने आठच्या आकड्यात फिरवा आणि दर दोन-चार फेऱ्यांनंतर लिहून बघा.»

भटकी_नोंद

हे वाचलं असतं मी. भिंगातून दिसतं त्याचा फोटो मात्र हवा, नुसतं 'जास्त गोल' म्हणजे किती ते कळत नाही.

खाडाखोड

पॉलिश पेपरचा नंबर लिहा. नाहीतर कुणीतरी घरातला सुतारकामाचा घेईल आणि निब घालवून तुम्हाला मेल करेल.