मोहिमेतला मधला दिवस: तुमचा अनुभव लिहा

लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमेचं सांगताना आपण निघतानाचा नारळ सांगतो आणि पोचल्यावरचा फोटो दाखवतो. मला मधला दिवस ऐकायचाय. ज्या गावी मुक्काम असतो त्याचं नावही घरच्यांना ठाऊक नसतं, असा. सुरुवात मी करतो.

पुणे ते कन्याकुमारी, डिसेंबर, सहावा दिवस. दावणगिरी ते हिरियूर, शंभरेक किलोमीटर. थंडीत त्या पठारावर वारा पूर्वेकडून येतो आणि रस्ता जातो आग्नेयेला. चित्रदुर्गच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसू लागल्या, तोवर उतारालाही पॅडल मारावं लागत होतं. त्यात मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली. आठ किलोमीटरवर पुन्हा बसलं. पॅच लावला, तरी तेच. ट्रकचे फुटलेले टायर महामार्गाच्या कडेला पडून असतात. त्यांतल्या पोलादी तारेचे केसाएवढे तुकडे आपल्या टायरमध्ये घुसतात. बोट फिरवलं तर लागत नाहीत, हवा भरली की ट्यूबला टोचतात. आणि आपण चालवतो ती नेमकी कडेचीच पट्टी.

सर्व्हिस रोडवरच्या पंक्चरवाल्या अण्णांना हिंदी येत नव्हती, मला कन्नड. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि टायरच्या आतून सावकाश फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथून चिमट्याने तार ओढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पैसे घेतले एकाच पंक्चरचे. तेव्हापासून माझ्या पिशवीत कापूस आणि बारीक चिमटा असतोच. तुम्हीही ठेवा. हिरियूरला अंधार पडल्यावर पोचलो, पण त्या दिवसाचं मला आठवतं ते अण्णांचं दुकान.

* * *

मी रत्नागिरीची. दापोलीहून गणपतीपुळ्याला एकटी निघाले होते. नकाशावर समुद्रकाठचा रस्ता सपाट वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा तितकंच चढायचं. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट, पुढे गुहागर, हेदवी, मग तवसाळहून जयगडला दुसरी बोट. ऑक्टोबरचं ऊन, जांभ्याची धग खालून. तवसाळच्या अलीकडच्या चढावर पायात गोळे आले आणि मी सायकल हातात धरून चालू लागले. एका घराच्या पडवीतून आजींनी हाक मारली, "उन्हाची कुठं चाललीस गो बाय? ये, बस जरा." कोकम सरबत दिलं, मीठ जरा जास्तच घालून. मग आपणहून म्हणाल्या, "मोरी मागल्या बाजूला आहे हो."

हे मुद्दाम लिहितेय. बायकांना दिवसभर रस्त्यावर सगळ्यांत मोठी अडचण हीच असते, आणि त्यापायी आम्ही पाणी कमी पितो. माझ्या पायात गोळे आले ते त्यामुळेच. मुलींनो, पाणी पिणं टाळू नका. घर दिसलं की बाईमाणसाला विचारा. मला आजवर कुणीही नाही म्हटलेलं नाही.

* * *

मनाली–लेह. सरचूहून निघालो की गाटा लूप्स लागतात, एकामागे एक 21 वळणं, आणि वर नाकी ला ही खिंड, 4,700 मीटरच्याही पुढे. विसाव्या मिनिटालाच मी वळणं मोजणं सोडलं. श्वास पुरत नव्हता. पन्नास पॅडल, थांबायचं, पुन्हा पन्नास. एका वळणावर छोटंसं देऊळ आहे. बर्फात अडकून पाण्यावाचून गेलेल्या ट्रकच्या क्लीनरची गोष्ट तिथले लोक सांगतात, आणि येणारेजाणारे पाण्याच्या बाटल्या ठेवतात. माझ्याकडे दीड बाटली उरली होती. अर्धी तिथे ठेवली. पुढे तहान लागली, पण त्या अर्ध्या बाटलीचं वाईट वाटलं नाही.

* * *

काश्मीर–कन्याकुमारीत माझा मधला दिवस म्हणजे सिवनी ते नागपूर, सव्वाशे किलोमीटर. पेंचच्या जंगलात महामार्ग खांबांवर उचललाय, खालून वाघ-हरणांना वाट आहे. दोन्ही बाजूंना आवाज अडवणाऱ्या भिंती, त्यामुळे जंगल दिसत नाही, ट्रकचा आवाज मात्र दुप्पट घुमतो. मान खाली घालून ते अंतर काढलं.

खवासा ओलांडलं आणि दुकानांच्या पाट्या मराठी झाल्या. देवलापारच्या टपरीवर चहा मागितला. आपल्याच भाषेत बोलून तीन आठवडे झाले होते, तरी सवयीने हिंदीत मागितला. चहावाल्याने सायकलवरच्या पाटीवर माझ्या गावाचं नाव वाचलं आणि म्हणाला, "आता मराठीत बोला ना भाऊ, घरी आले तुम्ही." मला पुढे काही बोलता येईना. त्याने दुसरा चहा न मागता पुढे सरकवला. तिथून मनसरपर्यंत पाय दुखल्याचं आठवत नाही.