पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक खचलेत, सगळे उखडायचे का?

तगर

नमस्कार मंडळी. आमचं रो-हाऊस नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आहे. पूर्वी इथे शेती होती, त्यामुळे खाली काळी माती. गेटपासून जिन्यापर्यंत झिगझॅगचे ६० मिमी पेव्हर ब्लॉक आहेत, घर घेतलं तेव्हाच घातलेले. जिन्याच्या कोपऱ्यात गच्चीचा पावसाळी पाईप उतरतो. तिथून ड्रेनेजच्या चेंबरपर्यंतचा भाग, अंदाजे तीन मीटर बाय दोन मीटर, बशीसारखा खाली गेलाय. दोरी ताणून मोजलं तर मधोमध साडेचार सेंटिमीटर भरलं.

पाऊस उघडला तरी पाणी तिथेच साठून राहतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून मी झाडूने ते ढकलत बसते. पण खरी काळजी सासूबाईंची आहे. तुळस त्याच कोपऱ्यात आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि ब्लॉकची एक कड वर आलीये तिथे त्यांची चप्पल अडकते. तुळस हलवायला त्या तयार नाहीत आणि मलाही ते त्यांना सांगावंसं वाटत नाही.

दोन मिस्त्री येऊन गेले. एक म्हणाले सगळं उखडा, कोबा करून देतो. दुसरे म्हणाले ब्लॉक तसेच ठेवा, वरून सिमेंटचा माल ओढून लेव्हल करतो. एकही ब्लॉक फुटलेला नसताना सगळं फेकून द्यायला जीव होत नाही. मी आणि नवरा मिळून तेवढाच भाग दुरुस्त करू शकतो का? कुठून सुरुवात करायची?

निळकंठी

तगरताई, आम्ही वरून माल ओढून घेतला होता. दीड इंचाचा थर, त्यावर निरू, म्हणजे गुळगुळीत लेप, मारून घेतला. एका दिवसात काम झालं. एक पावसाळा काढलाय, अजून ठीक आहे. घरी बसून एवढा खटाटोप कशाला?

जुना ओव्हरसीअर

तगरताई, कोबाही नको आणि माल तर मुळीच नको. माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या आणि आवारांच्या कामावर गेली. पेव्हर ब्लॉकइतकं दुरुस्तीला सोपं फ्लोअरिंग दुसरं नाही. ते काढून परत बसवता यावं म्हणूनच सुटं ठेवलेलं असतं. निळकंठी, तुमचा थर एक पावसाळा टिकला याचा आनंद आहे, पण खालची जमीन हलते आहे तोवर वरचा पातळ थर तडकणारच. मग त्याचे पापुद्रे सुटतात, आणि तोवर माल सांध्यांत शिरून घट्ट झालेला असतो. त्यानंतर ब्लॉक काढायला गेलं की निम्मे फुटतात.

तुमच्या ब्लॉकमध्ये काही खोट नाही. आयएस १५६५८ या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकाच्या २००६च्या आवृत्तीत नुसत्या पायी वापराला ५० मिमी आणि हलक्या वाहनांना ६० मिमी जाडी धरली आहे. घरच्या गाडीला ६० पुरे. दुखणं खाली आहे, आणि तुमच्या वर्णनावरून मला ते पाण्याचं वाटतं.

एक हिशेब करून बघा. गच्ची १०० चौरस मीटरची असेल आणि ५० मिमी पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी होतं. दोन पाईप असतील तर अडीच हजार लिटर त्या एकाच कोपऱ्यात ब्लॉकच्या सांध्यांवर आदळतं. ते सांध्यातली वाळू काढतं, मग खालची गादीची वाळू घेऊन जातं. कुठे घेऊन जातं? चेंबरच्या विटांच्या फटीत, नाहीतर ड्रेनेजच्या जुन्या चरात. पाईप टाकताना चर खणतात आणि तीच माती नुसती ढकलून बुजवतात, धुमस (माती ठोकून घट्ट करायचं जड अवजार) कोणी मारत नाही. खचलेला भाग पाईपापासून चेंबरपर्यंत लांबट आहे, यावरून मला चराचाच संशय येतो.

म्हणून ब्लॉकला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा. चेंबरचं झाकण काढून आतल्या भिंतीवर बॅटरी मारा, कुठून माती किंवा वाळू आत येते आहे का. मग संडास-बाथरूमचं पाणी सोडा, त्यात थोडा रंग टाका, आणि तो रंग चेंबरमध्ये पूर्ण पोचतो का बघा. घरात पाण्याचा वापर नसताना चेंबरमध्ये बारीक धार चालू असेल तर नळाची लाईन कुठेतरी गळते आहे. हे बंद केल्याशिवाय वाळू विकत आणू नका.

आता काम. पाऊस चालू असताना नको, आणि तुमच्याकडे काळी माती आहे म्हणून मे महिन्यातही नको. मेमध्ये ती माती आटून भेगाळलेली असते. तेव्हा पातळी साधली तर आषाढात ती फुगते आणि ब्लॉक उचलते. दिवाळीनंतर, ओल थोडी आटली की करा.

खचलेल्या भागाच्या बाहेर चारी बाजूंनी दोन-दोन ओळी जास्त धरून खडूने हद्द आखा आणि मोबाईलवर फोटो काढा. झिगझॅगचा नमुना परत बसवताना फोटोच उपयोगी पडतो. पहिला ब्लॉक सगळ्यात हट्टी. सांध्यातली वाळू जुन्या सुरीने खरवडून काढा, दोन पेचकस समोरासमोर घालून आलटून पालटून उचला. अगदीच निघाला नाही तर तो एक फोडा, पण एकच. पुढचे हाताने निघतात. साठ मिमीचे ब्लॉक चौरस मीटरला १४० किलोच्या आसपास भरतात, तेव्हा कमरेतून वाकून उचलू नका, पाटावर बसून काढा. काढल्याबरोबर कडा तारेच्या ब्रशने साफ करा. चिकटलेली वाळू राहिली तर शेवटच्या ओळीला ब्लॉक बसत नाहीत आणि माणसं घणाने ठोकायला लागतात.

जुनी वाळू सगळी काढून टाका. खाली भुसभुशीत किंवा चिखलासारखं लागेल ते पहारीने खणून टणक थर लागेपर्यंत काढा. काळी माती असेल तर फूटभर तरी काढावी लागेल. त्यावर जिओटेक्स्टाईल कापड अंथरा, म्हणजे माती वर येणार नाही. मग मुरूम भरा, पण एकदम नाही. सात-आठ सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी शिंपडा, धुमस मारा, मग दुसरा थर. मुरूम मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि हाताला पाणी सुटू नये, एवढीच ओल ठेवा. मुरमाची वरची पातळी बाकीच्या ब्लॉकखाली आहे तेवढीच आली पाहिजे, आणि उतारही इथेच द्यायचा, जिन्यापासून गेटकडे दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, डोळ्यांवर विसंबू नका.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे: खड्डा वाळूने भरतात. वाळूचा थर सगळीकडे सारखा, अडीच-तीन सेंटिमीटरच हवा. एका बाजूला तीन आणि मध्ये सात झाला की तिथेच परत बसतो. त्यासाठी एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपचे दोन तुकडे मुरमावर समांतर ठेवा. त्यांचा बाहेरचा व्यास ३३ मिमीच्या आसपास असतो. मध्ये वाळू टाका, वरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढा, पाईप काढून खाचा हलक्या हाताने भरा. त्या वाळूवर मग पाय देऊ नका.

ब्लॉक बसवताना शेजारच्यापेक्षा सहा-सात मिमी वर राहू द्या, सांधा दोन ते चार मिमी. वर जाड फळी ठेवून धुमस मारा, ते बरोबरीला येतात. शेवटी कोरडी बारीक वाळू झाडून सांध्यांत भरा, परत धुमस, परत वाळू. आठवड्याने सांधे बघा, खाली गेले असतील तर पुन्हा भरा. सांध्यांत सिमेंट नको.

जाई

ओव्हरसीअरकाकांनी सगळं छान लिहिलंय. एकच भर घालते. आमच्याकडे सांगलीला पाणी कुठेच गळत नव्हतं, तरी ब्लॉक खचत होते. उचलल्यावर खाली चक्क बोगदा निघाला, घुशींचा! कंपाउंडच्या भिंतीलगत मातीचे छोटे ढीग दिसत होते, पण आम्ही त्यांचा संबंध ब्लॉकशी लावला नव्हता. तगर, भिंतीच्या कडेला ताजी उकरलेली माती दिसते का बघ. आम्ही बिळं आतपर्यंत मोकळी केली, खडी आणि काँक्रीट ठासून भरलं, आणि भिंतीला लागून मुरमाच्या खाली लोखंडी जाळी उभी गाडली. कचऱ्याचा डबा आणि पक्ष्यांना टाकलेले दाणेही तिथून हलवले. त्याशिवाय त्या परत येतात.

आंबेघर

आमच्याकडे राजापूरला उलट परिस्थिती. खाली जांभा, तो दगडासारखा टणक, पण पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. इथे ब्लॉक मधून खचत नाहीत, कडेने बाहेर सरकतात. कडेला काही अडवायला नसेल तर एकेक ओळ सुटत जाते आणि वाळू वाहून जाते. तुमच्या कोपऱ्यात तुळशीच्या बाजूला कडेचा दगड आहे का? नसेल तर आत्ताच काँक्रीटमध्ये बसवून घ्या. शेवाळाचंही बघा. आम्ही गणपतीच्या आधी ब्रशने घासून काढतो. प्रेशरचं पाणी मारलं तर सांध्यातली वाळू उडून जाते.

तगर

सगळ्यांचे मनापासून आभार. चेंबर उघडून पाहिला. पाईपाच्या बाजूच्या भिंतीत दोन विटांमधला माल गेलाय आणि आत वाळूचा ढीग साचलाय. रंग टाकलेलं पाणी पूर्ण आलं, म्हणजे लाईन चांगली आहे. घुशींची माती दिसली नाही. तुळशीच्या बाजूला कडेला काहीच नाही, नुसती माती.

काका, दोन शंका. बांधकाम साहित्याच्या वखारीत वाळूची चौकशी केली तर ते म्हणाले एक ब्रासच घ्या, आणि क्रश सँडऐवजी (दगड दळून केलेल्या वाळूऐवजी) डस्ट, म्हणजे खडी क्रशरची भुकटी, स्वस्त पडेल. आणि पावसाळी पाईपाचं काय करू? तो तसाच राहिला तर पुन्हा तेच होईल ना?

जुना ओव्हरसीअर

ताई, वाळूचा ढीग चेंबरमध्ये दिसला म्हणजे तुमची अर्धी लढाई झाली. त्या विटांचे सांधे आतून खरवडून १:३ च्या (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) मालाने बंद करा आणि बाहेरून, माती उकरलेली असतानाच, चेंबरभोवती काँक्रीटची पट्टी फिरवा.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. तुमचं सहा चौरस मीटर आणि दोन ओळी जास्तीच्या धरून नऊ-दहा होईल. तीन सेंटिमीटरने दहा चौरस मीटरला ०.३ घनमीटर, म्हणजे साडेदहा घनफूट. सांध्यांना आणि वाया जाणाऱ्याला धरून पंधरा पुरे. कुठेतरी बांधकाम चालू असेल तिथून गोण्यांत भरून घ्या. मुरूम मात्र जास्त लागेल, फूटभर खणलंत तर शंभर घनफुटांच्या आसपास, तो ब्रासनेच घ्या.

डस्ट घेऊ नका. तिच्यात भुकटी जास्त असते, ती पाणी धरून ठेवते आणि गाडीच्या वजनाने चिखल होऊन सांध्यांतून वर येते. वाळू पारखायला काचेच्या बाटलीत अर्धी वाळू आणि पाणी घ्या, हलवा, तासभर ठेवा. वर गाळाचा जाड थर दिसला तर ती वाळू परत करा.

पावसाळी पाईप ब्लॉकवर सोडूच नका. ब्लॉक उघडे आहेत तोवरच खालून ११० मिमीचा पीव्हीसी पाईप टाकून पाणी गेटबाहेरच्या पावसाळी गटारापर्यंत न्या, किंवा जागा असेल तर घरापासून लांब शोषखड्डा करा. काळ्या मातीत पाणी फार हळू जिरतं, म्हणून गटार जवळ असेल तर मी गटारच निवडेन. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ते अजिबात सोडू नका, जोराच्या पावसात घाण उलटी वर येते. पाईपाच्या चरालाही थराथराने धुमस हवी, नाहीतर आणखी एक खचणारी रेघ तयार होईल.

क्रम असा ठेवा: आधी चेंबरची भिंत, मग पावसाळी पाईप, मग आंबेघर म्हणतात तसा तुळशीच्या बाजूचा कडेचा दगड, आणि त्याचं काँक्रीट आठवडाभर पाणी मारून पक्कं झालं की ब्लॉक. कडेचा दगड नसताना त्या बाजूला जोरात धुमस मारली तर ओळ बाहेर सरकते. चेंबरचं झाकण ब्लॉकच्या बरोबरीने ठेवा, फार तर केसभर वर, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही आणि सासूबाईंच्या चपलेलाही अडणार नाही.

तगर

काका, सगळं उतरवून घेतलं. नवऱ्याने धुमस शेजारच्या साईटवरून मागून ठेवलीय. तोवर त्या वर आलेल्या कडेवर पिवळा रंग मारते आणि भिंतीला धरायला एक दांडी बसवून घेते.