खिचडी रात्री आठला, कुलूप रात्री नऊला

गोदाकाठ (धागाकर्ता)

परवा या मंचावरच एकाने लेख टाकला होता. नाशकातलं एक देऊळ, एक गुरुद्वारा, एक मशीद आणि एक चर्च मिळून थंडी सुरू झाल्यापासून घाटावरच्या बेघरांना रोज रात्री खिचडी वाढतात. सोबत फोटो, चौघांचे चार हात एकाच डावावर. खाली 'हाच खरा भारत'. मीही हात जोडायला गेलो होतो, पण शेवटचं वाक्य वाचलं: "आता आमच्या शहरात कुणी उपाशी झोपत नाही."

उपाशी झोपत नसेल. पण झोपतो कुठे?

रात्री एकला गाडगे महाराज पुलाखाली जा. एक पोरगा दिसेल, पंचविशीतला. लग्नात वाढप्याचं काम करतो. पांढरा शर्ट आणि काळी पँट घडी करून पिशवीत, पिशवी डोक्याखाली, चपला पिशवीखाली. चपला अंगाखाली नसल्या तर सकाळी नसतात. जेवण त्याला मंगल कार्यालयातच मिळतं, तेही गुलाबजामासकट. तुमची खिचडी आठला असते, तेव्हा तो पंगतीत वाढत असतो. त्याला पाहिजे कोरडी जमीन, पिशवी ठेवायला कडीकोयंडा आणि पहाटे संडास. म्हणजे ज्या तीन गोष्टी या चारही ठिकाणी आहेत आणि रात्री नऊला कुलुपात जातात.

पुलाला नाव कुणाचं दिलंय तेही बघा. बाबांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आहे, तसा बेघरांना आसराही आहे. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या. आपण एक ओळ पाठ केली आणि दुसरी गाळली.

२०१९ च्या ऑगस्टातली गोष्ट सांगतो. महापुराच्या आदल्या रात्री पाणी दुतोंड्या मारुतीच्या (घाटावरची मूर्ती, पूर तिच्यावरूनच मोजतात) कमरेला लागलं होतं. पुलाखालची तीसेक माणसं वर आली आणि आमच्याच एका देवळाच्या सभामंडपाबाहेर पावसात उभी राहिली. ग्रिलला कुलूप. पुजारी म्हणाला, किल्ली विश्वस्तांकडे. विश्वस्तांचा फोन लागेना. मग कळलं की किल्ली दुसऱ्याच विश्वस्ताकडे आहे आणि ते मुलीकडे गेलेत. पाऊण तास गेला. आतले पंखे चालू होते, तेवढे ग्रिलमधून दिसत होते.

चौघांनी एकत्र यायचंच तर पातेल्याभोवती कशाला, किल्लीभोवती या.

पातेलेवाले काका

तो लेख माझ्या भाच्याने टाकलेला. शेवटचं वाक्य जरा जास्त झालं, मान्य. बाकी तुमच्या निबंधाला आता उत्तर घ्या.

साठ लिटरचं पातेलं कधी उचललंय? आम्ही रोज उचलतो. शिधा गुरुद्वाऱ्याचा, देग मशिदीची, शेगडी आणि सिलिंडर चर्चचं, जागा आणि पाणी आमच्या देवळाचं. सात आठवडे झाले, एक खाडा नाही. मागच्या रविवारी पारा इतका उतरला होता की डाळ भिजायचं नाव घेईना. चर्चमधल्या बाई संध्याकाळच्या प्रार्थनेहून थेट येतात, साडीवर स्वेटर चढवून, आणि आल्या आल्या तांदूळ निवडायला बसतात. तुम्ही एकच्या सुमारास पुलाखाली निरीक्षणं करता, आठला का येत नाही?

सभामंडप उघडा म्हणणं सोपं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओवरीत एक म्हातारा झोपेत गेला. पंचनामा, जबाब, चौकीच्या तीन खेपा, "तुम्ही ओळखत नव्हता तर आत कसा आला?" हे सगळं मी केलंय. विश्वस्त म्हणून नाव माझं आहे. दारू पिऊन कुणी कुणाला वीट मारली तर धर्मादाय आयुक्तांसमोर उभं मी राहायचं की तुम्ही?

कलमबहाद्दर

दोघांचंही चुकतंय. हे काम देवळाचंही नाही आणि मशिदीचंही नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा, बारमाही, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत नाशिक पंधरा लाखांच्या घरात होतं. करा हिशोब. तुम्ही खिचडी वाटली की यंत्रणा म्हणते, बघा, समाज करतोय की.

आणि दुसरं कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. वॉरंटशिवाय उचलता येतं आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथली बरीचशी कलमं उडवली, आपल्याकडे कायदा शाबूत आहे. सिंहस्थ तोंडावर आलाय. घाट चकाचक करायचा म्हटलं की आधी कोण उचललं जातं, सांगायला नको. रोज आठला एकाच जागी रांग लावून तुम्ही उचलणाऱ्यांचीच सोय करून ठेवताय.

गोदाकाठ

कलमबहाद्दर, कोर्टाचं पटतंय. पण त्या निकालाचा कागद पांघरून आज रात्री कोण झोपणार?

लासलगावकर

एक भाबडी शंका. फोटो झूम करून पाहिला. खिचडीत कांदा दिसत नाही. लसणाचीही फोडणी वाटत नाही. का?

पातेलेवाले काका

देवळाच्या आवारात शिजतं म्हणून. आमची तेवढी एकच अट होती.

लासलगावकर

म्हणजे देशभर ज्याचा कांदा जातो त्या जिल्ह्यात, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला, कांद्याशिवाय खिचडी! आमच्याकडे कांदा दोन रुपयांनी विकायची पाळी आली की रस्त्यावर ओततो आम्ही. एक ट्रॉली फुकट पाठवतो, बोला.

सेवादार

लंगरात आमच्याकडे कांदा-लसूण चालतो. इथे सोडला. जागा ज्यांची त्यांचा मान. त्यात एवढं काय?

अनामिक वाचक

एवढं काय म्हणजे? चौघे मिळून करणार आणि अट एकाचीच! बाकीच्या तिघांनी काय अट घातली?

देगवाला

आता विषय निघालाच आहे तर बोलतो. देग आमची आहे, तांब्याची, वडिलांच्या काळातली. देण्याआधी आम्ही तिला कल्हई करून दिली. कुणी मागितली नव्हती. म्हणजे मागितली होती, पण गोड शब्दांत. "आधी त्यात काय काय शिजलं असेल, नाही का", असं. मीही हसलो. कल्हईवाला शोधायला दोन दिवस लागले, हल्ली मिळतात कुठे? पैसे मी दिले. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. देग परत मागितली का? नाही.

पातेलेवाले काका

देगवाले भाई, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

देगवाला

तुम्ही कधी विचारलं नाहीत.

अनामिक वाचक

म्हणजे शिवाशिवच की ही, ॲप्रन घालून! काळारामाच्या दारात १९३० साली सत्याग्रह झाला त्याच गावात आपण राहतो ना? तेव्हाही दारावरच अडवलं होतं. आता दारावर खिचडी देता आणि आत घेत नाही. प्रगती आहे.

पातेलेवाले काका

तोंड सांभाळून. काळारामाचा इतिहास मला शिकवू नका, माझे आजोबा तेव्हा बघायला गेले होते.

अनामिक वाचक

बघायलाच ना?

मिसळ_तर्री

इनो घ्या रे कुणीतरी. मूळ प्रश्न बेघरांचा होता, पोहोचलो कल्हईपर्यंत. (पण कल्हईवाला कुठे मिळाला ते व्यक्तिगत निरोपात कळवा, आमच्याकडेही दोन पातेली आहेत.)

लासलगावकर

विषयांतर नाही हे. जेवणाऱ्याला कुणी विचारलं का, कांदा हवा की नको?

सेवादार

मी विचारलं होतं, दुसऱ्या आठवड्यात. एक आजोबा म्हणाले, कांद्याचं राहू द्या, मिरची वाढवा. बाजूचा म्हणाला, मिरचीही राहू द्या, पत्रावळीऐवजी ताटली द्या, वारं सुटलं की पत्रावळ उडते. तेव्हापासून स्टीलच्या ताटल्या आहेत. आमच्याकडच्याच. धुतोही आम्हीच. असो.

थेम्सकाठची

मी मूळची नाशिकरोडची, गेली अकरा वर्षं लंडनमध्ये. इकडे हिवाळ्यात बऱ्याच भागांत असं चालायचं: सात प्रार्थनास्थळं, आठवड्यातली एकेक रात्र एकेकाची. मुख्यतः चर्च, पण मशिदी आणि ज्यूंची सिनेगॉगही असायची. मंगळवार आमच्याकडे होता. हॉलमध्ये पंधरा घडीच्या खाटा लावायच्या, रात्री दोघं जागे, सकाळी नाष्टा, आठला हॉल रिकामा. माझ्याकडे टॉवेल होते. पंधरा टॉवेल, दर बुधवारी धुणं. म्हणजे सभामंडपात झोपवणं अशक्य नाही, काका.

मिसळ_तर्री

झालं. लंडन आलं.

थेम्सकाठची

येऊ द्या की, पुढचंही ऐका. त्यातही खोट होती. माणसाला रोज संध्याकाळी आपलं बोचकं पाठीवर टाकून नव्या पत्त्यावर जायचं. एक गृहस्थ मला म्हणाले होते, मी बेघर तर आहेच, तुम्ही मला भटकाही केलंत. कोविड आला आणि एका हॉलमध्ये पंधरा जण झोपवणं बंद पडलं. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी एकेकाला वेगळी खोली द्यायचा आग्रह सुरू झाला. तेव्हा तुमच्याकडे करायचंच असेल तर जागा एक ठेवा, माणसं पाळीपाळीने बदला.

कलमबहाद्दर

तिकडे खोली मागतात, इकडे ओवरीवर भांडण. मी म्हणत होतो तेच.

मावशीची भाची

आतापर्यंत गप्प होते. माझी सख्खी मावशी आठ महिने एका तीर्थक्षेत्री देवळाच्या ओवरीत राहिली. काका गेल्यावर दिरांनी बाहेर काढलं आणि तिने आम्हाला कळवलं नाही. आईची शपथ घालून विचारलं तेव्हा म्हणाली, लाज वाटली. त्या आठ महिन्यांत तिचं वजन वाढलं होतं, खरं सांगते. महाप्रसाद, अन्नछत्र, कुणाच्या दशक्रियेचं जेवण, कुणाच्या वाढदिवसाचे लाडू. खायला देणाऱ्यांची रांग होती.

पण ती दुपारी दोननंतर पाणी प्यायची नाही. रात्री जायला लागलं तर कुठे जाणार म्हणून. संडासाला रात्री कुलूप आणि नदीकडे अंधार. आम्ही घरी आणलं तेव्हा मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला होता. आजही पाण्याचा तांब्या समोर ठेवला की आधी घड्याळाकडे बघते.

कांद्यावर इतके प्रतिसाद झाले म्हणून लिहिलं.

लासलगावकर

ताई, माफ करा.

पातेलेवाले काका

ताई, वाचलं. दोनदा वाचलं.

गोदाकाठ, तुमची भाषा मला आवडलेली नाही आणि आवडणार नाही. आणि त्या रात्री मुलीकडे गेलेला विश्वस्त मी नव्हे, पण तो कोण हे मला माहीत आहे. आवारातला संडास रात्रभर उघडा ठेवायला ठराव लागत नाही, ते मी उद्यापासून करतो. दिवा लावतो. सभामंडपाचं विश्वस्तांना विचारल्याशिवाय बोलणार नाही. पुराच्या रात्री उघडायचा एवढं तरी मंजूर करून घेईन, पण थंडीचं अवघड आहे. तिघे विरोधात आहेत, त्यातला एक तर खिचडीच्याही विरोधात होता.

गोदाकाठ

पुराच्या रात्री उघडायला ठराव लागतो, हे वाचून धन्य झालो. पण संडासाचं केलंत तर दिवा माझ्याकडून. आणि किल्ली एका माणसाकडे नको. एक पुजाऱ्याकडे, एक कुठल्यातरी बाईकडे.

पातेलेवाले काका

चर्चमधल्या बाईंकडे देतो. त्या नदीच्या सर्वांत जवळ राहतात. हे मात्र ठरावात लिहिलं तर पास होणार नाही, तेव्हा लिहिणार नाही.

देगवाला

आमच्या मशिदीत वजूची जागा आहे, नळ आहेत, पहाटेच्या नमाजला दार उघडतंच. घाटापासून लांब पडतं, पण अंघोळीला येतील त्यांनी यावं. कमिटीला मी सांगतो. एक-दोघं कुरकुरतील.

कलमबहाद्दर

छान. म्हणजे पंधरा निवारे मागायचं राहिलंच.

गोदाकाठ

तुम्ही मागा. अर्जाचा मसुदा टाका इथे, सही पहिली माझी.

कलमबहाद्दर

रविवारपर्यंत टाकतो.

मिसळ_तर्री

कुठला रविवार ते लिहून घ्या रे.

लासलगावकर

ट्रॉलीचं काय ठरलं?

सेवादार

गुरुद्वाऱ्यात पाठवा. रविवारी लंगर आमच्या आवारात आहे, तिथे चालेल. सोलायला मात्र दहा माणसं घेऊन या.