दोन काळांच्या युद्धकथा आणि घरातली गुपितं: तुमचे अनुभव लिहा

खिडकीशेजारी: काल रात्री दीडला एक कादंबरी संपवली. नेहमीचीच घडी, एक काळ १९४२चा, एक आत्ताचा. नात आजीच्या जुन्या कोटाचं अस्तर उसवते आणि आत अंगठी. पुस्तक मिटलं आणि आमच्या आजीचा पत्र्याचा डबा आठवला. ती गेल्यावर आम्ही चार नातवंडांनी कोयंडा तोडून उघडला होता. आत काय, तर एक किल्ली. घरातल्या एकाही कुलपाला लागत नाही. दांड्याला लाल दोऱ्याचे सात-आठ वेढे, वर घट्ट गाठ. आई म्हणाली, "मी लहानपणी विचारलं होतं, ओरडा बसला." तुम्हाला अशी पुस्तकं वाचताना काय आठवतं?

अर्धवट: मी आत्ताच्या काळाची प्रकरणं सरळ उडवतो. तिचा घटस्फोट, तो देखणा संग्रहालयवाला... कोण वाचणार!

मधली सून: मग रहस्य काय कळतं, कप्पाळ?

रातपाळी: ब्लेचली पार्कवरची, म्हणजे ब्रिटनमध्ये युद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडायचे त्या ठिकाणावरची, वाचली तेव्हा वाटलं, नवऱ्यापासून तीस वर्षं काम लपवलं म्हणे, काहीही फेकतात. मग शोधलं. हजारो माणसं, त्यातल्या चारांतल्या तीन बायका, आणि १९७४च्या आसपास गुपित फुटेपर्यंत बहुतेकांनी घरीही चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे वाढदिवसाची भेट दोन दिवस लपत नाही.

चष्मा कुठेय: अस्तरात शिवलेलं काही आलं की माझं संपलंच. किंडरट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे नाझींपासून वाचवायला मुलं बाहेर काढली त्या मोहिमेत, १९३८-३९ला सुमारे १०,००० मुलं, बहुतेक ज्यू, आईबापांशिवाय ब्रिटनला गेली. एक लहान बॅग, १० मार्क, मौल्यवान वस्तू न्यायला बंदी. मला नवव्या वर्षी वसतिगृहात ठेवलं तेव्हा आईने उशीच्या अभ्र्याला आतून स्वतःच्या साडीचा तुकडा शिवला होता. सांगितलं नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री बोटाला लागला. युद्ध कुठे नि माझं वसतिगृह कुठे, पण आठवतं.

मधली सून: रडवलंत. दूध उतू गेलं इकडे.

पानगळ: माझी तक्रार वेगळी. माळ्यावर गुंडाळलेलं चित्र ऐंशी वर्षांनी उलगडतात आणि रंग ताजे! ऑस्ट्रियात आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीत १९४५ला नाझींनी लपवलेली साडेसहा हजारांवर चित्रं सापडली, ती टिकली कारण आत तापमान आणि ओलावा बदलत नाही. माळ्यावर कसर लागते हो. आणि खरी माणसं सोडून खोटी कशाला? पॅरिसच्या झ्यू द पोम संग्रहालयात रोझ व्हालां नावाची बाई जर्मन कळत नसल्याचं सोंग घेऊन नाझींनी लुटलेल्या चित्रांच्या नोंदी करत बसली, चार वर्षं.

अर्धवट: जर्मनांनी १९४१ला रशियातल्या राजवाड्यातली अंबर रूम, म्हणजे अंबर या पिवळ्या राळेच्या खड्यांनी मढवलेली खोली, उचकटून तेव्हाच्या जर्मनीतल्या क्योनिग्सबर्गला नेली, ती अजून सापडली नाही. अख्खी खोली! आणि मी छत्री हरवली तर घरात सुनावणी.

कोरा कागद: किल्लीचा दांडा पोकळ आहे का? वडील कुलपं दुरुस्त करायचे. पोकळ असेल तर बहुधा पेटीची नाहीतर कपाटाची.

खिडकीशेजारी: पोकळ आहे!! दोरा सोडवला नाही, हात होईना. आईला फोन केला. पेटी म्हटल्यावर जरा गप्प, मग म्हणे, "मावशीला विचार." मावशी उचलत नाहीये.

मधली सून: दुपारची झोपली असेल. चारनंतर करा.

रातपाळी: ते सगळं ठीक, कोटवाल्या पुस्तकाचं नाव कोणी सांगेल का?